फांदी खाली यावी, माणूस नव्हे



बैलाला नाल ठोकायचे असतील तर आपण नालबंदाला गाठतो. विहिरीत सुरुंग लावायचा असेल तर त्यातल्या जाणत्या माणसाला बोलावतो. पण बांधावरची चिंच खांदायची असो, घरावर आलेली लिंबाची फांदी काढायची असो, की आजोबांनी लावलेला आंबा वरून कमी करायचा असो, तेथे मात्र 'जो चढेल तो चालेल' एवढाच आपला हिशेब असतो. गावात एखादा चपळ गडी असतो. तो कमरेला कुऱ्हाड खोचून सरसर वर जातो, आपण खालून 'अजून थोडी वरची घे' म्हणून ओरडत असतो, आणि काम झाले की चहापाणी करून त्याची बोळवण करतो. तो पडला नाही, याचे श्रेय आपण त्याच्या नशिबाला देतो. पडला, तर तोही दोष त्याच्या नशिबालाच!

वीस फुटांवरून सुटलेला माणूस एक-सव्वा सेकंदात जमिनीवर आदळतो, आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. आपल्या आमराईतील गावरान आंबा चाळीस-पन्नास फूट सहज असतो. पाठीचा कणा मोडून अंथरुणाला खिळलेला कर्ता माणूस म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिले आहे त्या घराला अधिक सांगायला नको. म्हणून या लेखात झाडावर चढणाऱ्याने आणि त्याला चढवणाऱ्यानेही कोणती साधने जवळ ठेवावीत, फांदी कोठे व कशी कापावी, आणि काय टाळावे, याची माहिती देत आहोत.

पाश्चात्य देशांत या कामाला स्वतंत्र धंद्याचा मान आहे. तेथे अशा कारागिराला 'झाडांचा शल्यवैद्य' म्हणतात, त्याला शिक्षण घ्यावे लागते. आपल्या देशातही असा प्रयत्न झालेला आहे. केरळात नारळावर चढणारी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे शिक्षण देण्याची योजना सुरू केली. या चढणाऱ्यांसाठी अपघात विम्याचीही सोय करण्यात आली. जे काम हलके समजले जात होते, त्याला शिक्षण, यंत्र आणि विमा यांची जोड मिळाली. आपल्या मराठवाड्यात चिंच, आंबा, जांभूळ, लिंब, वड यांची कमतरता नाही, आणि चढणारे गडीही आहेत. कमी आहे ती या जोडीची.

आधी झाडाभोवती एक फेरी

झाडाला हात लावण्यापूर्वी त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारावी. या पाच मिनिटांत पुष्कळसे अपघात टळतात. फेरी मारताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) बुंधा: बुंध्याशी माती उचललेली आहे काय, मुळ्या कुजल्या आहेत काय, खोडावर अळंबीसारखी छत्री उगवली आहे काय? तशी छत्री दिसली तर आत लाकूड कुजले आहे असे समजावे. कुऱ्हाडीच्या तुंब्याने खोडावर ठोकून पाहावे. भरीव खोडाचा आवाज ठक्क येतो, पोकळ खोड ढोलासारखे वाजते.

२) बेचके: दोन जाड फांद्या जेथे अरुंद बेचक्यात मिळतात आणि मधे साल दबलेली असते, तेथे जोड कच्चा असतो. अशा बेचक्यावर आपला भार टाकू नये.

३) वाळलेल्या फांद्या: वर अडकून राहिलेली मोडकी फांदी फार धोक्याची. दोर ओढताच ती डोक्यात येते. ती आधी लांब बांबूने किंवा दोराने पाडून घ्यावी.

४) मोहोळ व साप: आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी काम करूच नये. ते मोहोळ काढणाऱ्या जाणत्या माणसाकडून आधी हलवून घ्यावे. ढोलीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे.

५) झाडाची जात: सर्व लाकूड सारखे नसते. शेवगा, पांगारा, गुलमोहर आणि जांभूळ यांच्या फांद्या ठिसूळ. हिरवीगार दिसणारी फांदीसुद्धा काही इशारा न देता काडकन मोडते. चिंच आणि बाभूळ चिवट असतात. पण वाळलेली फांदी कोणत्याही झाडाची असो, तिच्यावर पाय देऊ नये.

पावसाने साल ओली असताना, सोसाट्याचा वारा असताना आणि आभाळ गडगडत असताना चढू नये. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस दुपारी तीन-चारनंतर येतो. म्हणून त्या दिवसांत काम सकाळी लवकर सुरू करून दुपारपूर्वी आटोपावे.

विजेची तार ही फांदीहून मोठी वैरीण

शेतातून जाणारी तार ११ हजार व्होल्टची आहे की घरगुती दाबाची, हे खाली उभे राहून ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. दोन्ही तारा जीव घेतात. त्यातही उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष हात लागावा लागत नाही. जवळ गेले तरी वीज झेप घेते. ओली फांदी, ओला बांबू, ओला दोर, लोखंडी शिडी या सर्वांतून वीज वाहते.

तेव्हा नियम असा ठेवावा की, झाडाची कोणतीही फांदी, चढणारा माणूस किंवा त्याचे हत्यार तारेपासून दहा फुटांच्या आत येणार असेल, तर महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन तार बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ आहे. 'आता भारनियमन आहे, लाईट गेली आहे' या भरवशावर तर मुळीच चढू नये. गेलेली वीज कोणत्या क्षणी परत येईल याचा नेम नसतो, आणि शेजारच्या कोणी उलटा जनरेटर जोडलेला असला तर बंद तारेतही वीज येते.

फांदी तारेवर पडून राहिली असेल तर ती ओढू नये. खाली तुटून पडलेल्या तारेपासून माणसे-जनावरे दूर ठेवावीत आणि लाईनमनला बोलवावे.

चढणाऱ्याची साधने

दोर: आपल्याकडे विहिरीवरचा जुना दोर किंवा बैलाचा कासरा याच कामाला वापरतात. अंबाडी किंवा घायपाताचा दोर ओलाव्याने आतून कुजतो, वरून मात्र चांगला दिसतो. बाजारात मिळणारा स्वस्त रंगीत प्लॅस्टिकचा दोर उन्हाने कडक होऊन तुटतो, शिवाय त्याची गाठ सरकते. माणसाचा भार तोलण्यासाठी किमान १२ मिलिमीटर जाडीचा चांगला नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोर घ्यावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. या दोराने ट्रॅक्टर ओढला, की तो जिवाच्या कामातून बाद झाला असे समजावे. दर वेळी वापरण्यापूर्वी तो हातातून सरकवत तपासावा. कोठे पीळ उसवला, कापला गेला, वितळला किंवा कडक झाला असेल तर टाकून द्यावा.

दोन दोर असावेत. एक जिवाचा, एक ओझ्याचा. जिवाच्या दोराने फांदी बांधू नये आणि ओझ्याच्या दोरावर माणूस लोंबकळू नये. ओळखण्यासाठी दोघांचे रंग वेगळे ठेवावेत.

कमरपट्टा: नुसता कमरेला दोर आवळून चढणे म्हणजे अर्धीच सोय. घसरल्यावर तो दोर बरगड्यांत चढतो व श्वास कोंडतो. खांदे, कंबर आणि मांड्या या तिन्ही ठिकाणी आवळणारा पूर्ण पट्टा मिळतो. त्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला घ्यावा, म्हणजे खोडाभोवती दोर टाकून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात. घेताना त्यावर भारतीय मानक आय.एस. ३५२१ ची खूण पाहावी. छत्रपती संभाजीनगरमध्ये चिकलठाणा व वाळूज ही कारखानदारीची ठिकाणे असल्यामुळे सुरक्षेचे साहित्य विकणारी दुकाने शहरात आहेत. तेथे हा पट्टा मिळू शकतो.

शिरस्त्राण: कारखान्यातील कामगार वापरतात तसे, आय.एस. २९२५ ची खूण असलेले आणि हनुवटीखाली पट्टा असलेले घ्यावे. ते वर चढणाऱ्याइतकेच खाली दोर धरणाऱ्यालाही आवश्यक आहे. खालच्याच्या डोक्यावर तर सारे झाड असते.

शिडी: चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात बुंध्यापासून पाय लांब ठेवावा. म्हणजे शिडी बारा फुटांवर टेकली असेल तर तिचे पाय तीन फूट बाहेर हवेत. वरचे टोक खोडाला बांधावे. जी फांदी कापायची तिलाच शिडी लावू नये. फांदी सुटली की उरलेले लाकूड भार कमी होऊन वर उचलते आणि शिडी सटकते.

कपडे: धोतराचा सोगा, उपरणे, सैल शर्ट, गळ्यातील दोरा, हातातील कडे हे सर्व उतरवून ठेवावे. अंगाबरोबर बसणारी विजार, पायात घट्ट पकडीचे बूट, डोळ्यांना चष्मा एवढे असावे. भुसा डोळ्यात गेला की चढलेला माणूस आंधळा होतो.

गाठ: आपल्या आजीबाई सांगत असत, सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की घट्ट होते. कमरेशी सुरगाठ कधीही नको. गाठ बांधल्यावर जमिनीपासून दोन फुटांवर आपला सारा भार टाकून ती पाहावी आणि मगच वर जावे.

चढल्यानंतर जिवाचा दोर आपल्या डोक्याच्या वर, जिवंत आणि मांडीएवढ्या जाड खोडाच्या बेचक्यातून घ्यावा. कापायच्या फांदीला तो कधीही बांधू नये. हे वाचताना हसू येईल, पण घाईत नेमके हेच घडते. करवत चालवताना दोन ठिकाणी बांधून घ्यावे, म्हणजे चुकून एक दोर कापला गेला तरी दुसरा धरून ठेवतो.

कुऱ्हाड, करवत आणि चेन सॉ

कुऱ्हाड ही जमिनीवरची सखी, झाडावरची नव्हे. वर उभ्याने घाव घालताना तोल जातो, घाव निसटला तर आपल्याच पायावर किंवा दोरावर बसतो. शिवाय कुऱ्हाडीने फांदीचा बुडखा ठेचला जातो व त्यात पाणी मुरून कूज लागते. म्हणून वर करवतच न्यावी. ओढताना कापणारी, वाकड्या पात्याची छाटणी करवत हलकी असते, म्यानात बसते आणि मनगटाएवढी फांदी झटकन कापते. अंगठ्याएवढ्या फांदीला सिकेटर पुरतो. हत्यारे दोराने वर ओढून घ्यावीत. हातात किंवा तोंडात धरून चढू नये. वरून खाली फेकू तर मुळीच नयेत.

पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजे चेन सॉ, आता गावोगाव आली आहे. जर्मनीतील आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी करवत तयार केली. आपल्याकडे २०१२-१३ च्या दुष्काळात छत्रपती संभाजीनगर व जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या आणि पोटच्या लेकरासारखी वाढवलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. हे यंत्र दिवसाचे काम तासावर आणते. पण ते जितके वेगाने लाकूड कापते तितक्याच वेगाने मांडीही कापते. वापरताना पुढील पथ्ये पाळावीत.

• यंत्र नेहमी दोन्ही हातांनी धरावे, अंगठा मुठीखाली घालून. एका हाताने फांदी आणि दुसऱ्या हाताने यंत्र, असे कधीही करू नये.

• पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळी घेऊन चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर यंत्र नेऊ नये आणि साखळीचा ब्रेक चालू स्थितीत आहे याची रोज खात्री करावी.

• शिडीवर उभे राहून चेन सॉ चालवू नये. झाडावर ती फक्त शिकलेल्या माणसानेच न्यावी. इतरांनी वर हातकरवत व खाली चेन सॉ अशी वाटणी ठेवावी.

• टू-स्ट्रोक इंजिनात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच तेल घालावे. ५० ला १ हे प्रमाण असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. थोडे थांबावे, विडी लांब ठेवावी.

• साखळीला धार आहे तोवर लांब किस निघतो. बारीक पीठ पडू लागले की धार गेली असे समजून कानस लावावी. बोथट साखळीला जोर द्यावा लागतो आणि जोरातच हात सुटतो.

फांदी कोठे कापावी

येथे माणसाच्या जिवाबरोबर झाडाच्या जिवाचाही प्रश्न येतो. आपल्याकडे दोन चुका होतात. एक तर हातभर खुंट ठेवून फांदी तोडतात. तो खुंट वाळतो, त्यातून वाळवी व भिरूड आत शिरते. दुसरी चूक म्हणजे 'साफ दिसावे' म्हणून खोडाला अगदी चपखल घासून कापतात. त्याने खोडाचीच साल जाते व जखम मोठी होते.

अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतील जखमांचा अभ्यास केला. १९७७ साली त्यांनी मांडले की, झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत घालते, कूज त्या भिंतीआड कोंडते आणि वरून नवे लाकूड चढवते. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीचा फुगीर कडा दिसतो, बांगडी घातल्यासारखा. या कड्याला धक्का न लावता त्याच्या लगत बाहेरून कापले, तर झाड ही भिंत लवकर घालते. कडा कापून टाकला तर भिंत घालणारे गवंडीच मारले गेले असे समजा.

जाड फांदी एका कापात तोडू नये. ती अर्धी कापली की स्वतःच्या भाराने खाली येते आणि खोडाची हात-दोन हात साल सोलून नेते. तीन काप घ्यावेत.

पहिला काप: खोडापासून वीतभर किंवा थोडे अधिक अंतर सोडून फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या चौथा-तिसरा हिस्सा.

दुसरा काप: त्याच्या बोटभर पुढे वरच्या बाजूने. फांदी येथे सुटून पडते आणि साल सोलणे पहिल्या कापाशी थांबते.

तिसरा काप: उरलेला खुंट फुगीर कड्याच्या बाहेरून स्वच्छ काढून टाकावा.

फांदीचे वजन डोळ्यांना कळत नाही. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा हिरवा ओंडका दोन क्विंटलच्या घरात जातो. खाली छप्पर, विहीर, ठिबकच्या नळ्या किंवा गोठा असेल तर फांदी दोराने उतरवावी. ओझ्याचा दोर वरच्या भक्कम बेचक्यातून घेऊन खाली बुंध्याला दोन-तीन वेढे द्यावेत. मग खालचा माणूस वेढ्यांच्या घर्षणावर भार हळूहळू सोडू शकतो. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळू नये. भार सुटला तर तो माणसालाच वर ओढून नेतो. एवढी तयारी नसेल तर फांदी हात-दीड हाताच्या तुकड्यांनी कापावी. वेळ लागेल, पण छप्पर राहील.

कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासू नये. आंबा व मोसंबीसाठी बोर्डो मलम लावण्याची शिफारस आहे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी. मोरचूद व चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडी नको. त्यात लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा.

जुना आंबा आणि मोसंबी

मराठवाड्याच्या आमराया म्हाताऱ्या झाल्या आहेत. फांद्या एकमेकींत घुसल्या, आत ऊन नाही, फळ शेंड्याला आणि तेही लहान. असे झाड मुळासकट काढण्याऐवजी त्याला नवे करता येते. लखनौजवळच्या रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने ही पद्धत रूढ केली. चाळीस वर्षांवरील झाडाच्या मुख्य फांद्या जमिनीपासून साधारण बारा ते पंधरा फुटांवर डिसेंबर-जानेवारीत कापतात. मार्च-एप्रिलपासून पुष्कळ धुमारे येतात. त्यांतील बाहेरच्या बाजूस जाणारे आठ-दहा जोमदार धुमारे प्रत्येक फांदीवर ठेवून बाकीचे काढतात. दोन-तीन वर्षांनी झाड पुन्हा मोहोरते.

आपल्याकडे ऊन कडक असल्याने उघड्या पडलेल्या सालीला चुन्याचा हात द्यावा, खोडात भिरूड शिरला तर तार घालून काढावा आणि उन्हाळ्यात पाण्याची सोय असेल तरच हे काम हाती घ्यावे. सारी बाग एकदम न छाटता दर वर्षी काही झाडे घ्यावीत, म्हणजे घरचा आंबा बंद पडत नाही. छत्रपती संभाजीनगर शहरातील हिमायतबाग ही मोगलकालीन बाग. तेथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. कोणत्या झाडाला किती कापावे हे तेथील तज्ज्ञांना विचारून ठरवावे.

आंब्यावर बांडगूळ असेल तर त्याची पाने ओरबाडून उपयोग नाही. ते जेथे फांदीत रुजले आहे त्याच्या हातभर खालून फांदीच काढावी, आणि तेही त्याला फळे धरण्यापूर्वी. मोसंबीत दर वर्षी तोडणीनंतर सल काढावी, पानसोट कापावेत आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर निर्जंतुक करून घ्यावा. नाहीतर आपणच रोगाचे वाहन होतो.

झाड मुळातून पाडायचे असेल तर

झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात काम करणाऱ्याखेरीज कोणी नसावे. मुले, गुरे व बघे आधी दूर करावेत. ज्या दिशेला पाडायचे त्या बाजूने बुंध्यात जाडीच्या चौथा हिस्सा खोल खाच घ्यावी. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन बोटे वर, काप घ्यावा. मधे जाडीच्या दहावा हिस्सा लाकूड बिजागरीसारखे शिल्लक ठेवावे. ती बिजागरीच झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापली की झाड आपले मालक राहत नाही, कोठेही जाते. झाड हलताच मागे तिरक्या बाजूने निघून जाण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवावी. फार कललेले झाड आणि दुसऱ्या झाडात अडकलेले झाड यांना नवख्याने हात लावू नये.

परवानगी हवीच

'माझ्या बांधावरचे झाड, मला कोण विचारणार?' असे म्हणून चालत नाही. राज्यात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन, खैर, हिरडा, फणस, अंजन इत्यादी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तहसील किंवा वनखात्याच्या कार्यालयात आधी चौकशी करावी आणि लाकूड हलवण्यास वाहतूक परवाना लागतो काय तेही विचारावे. शहराच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. तेथे फांदी छाटण्यासाठीही महापालिकेला किंवा नगरपालिकेला विचारावे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देण्यात आला आहे. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय गड्यानेही कुऱ्हाड उचलू नये. पंचनाम्यात हत्यार त्याचेच जप्त होते.

मजुरी कशी ठरवावी

'लाकूड तुझे, मजुरी नाही' असा सौदा आपल्याकडे सर्रास होतो. तो दोघांच्याही तोट्याचा आहे. ज्याची मजुरी लाकडात आहे, तो साहजिकच वाळकी काटकी सोडून जाड फांदीला हात घालणार. झाडाचे नुकसान मालकाचे होते. उक्ते काम दिले की घाई होते, आणि घाईत दोर बांधायचा राहतो. त्यापेक्षा कोणत्या फांद्या काढायच्या त्यांवर आधी चुन्याने खुणा कराव्यात, मजुरी रोख ठरवावी आणि खालचा एक मदतनीस त्या मजुरीत धरावा. एकट्या माणसाला झाडावर कधीही चढवू नये.

अपघात झालाच तर

पडलेल्या माणसाला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये, खांद्यावर टाकून धावू नये. कण्याला इजा असेल तर अशा धावपळीने त्याचे पाय कायमचे जातात. तो जसा पडला तसाच ठेवून मान हलू देऊ नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. न्यावेच लागले तर दार किंवा फळीवर सपाट ठेवून, चार-पाच जणांनी एकदम उचलून न्यावे. विजेचा धक्का बसलेल्याला वीज बंद झाल्याशिवाय शिवू नये.

विम्याची गोष्ट तर आजच करावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये भरून अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खाते असलेल्या कोणालाही ते घेता येते. ज्याला जमीन नाही, त्या गड्यासाठी ही योजना विशेष महत्त्वाची. खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून आहे. उंचावरून पडणे व विजेचा धक्का हे अपघात तिच्यात धरलेले आहेत. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, म्हणून पंचनामा व दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.

भगिनींना एक विनंती. झाडाखाली सरपण वेचायला आपण आणि लेकरेच असता. वरचे काम थांबल्याची हाक आल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका. आणि घरातला माणूस चढायला निघाला, की त्याच्या न्याहारीबरोबर दोर, पट्टा आणि शिरस्त्राण यांचीही विचारपूस करा. पूर्ण संचाला काही हजार रुपये लागतील. एकट्याला जड वाटले तर बचत गटाने, सोसायटीने किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून एक संच घ्यावा. गावात फवारणी पंप जसा एकमेकांना दिला जातो, तसा तोही वापरला जाईल.

चिंचेचे झाड लावणारा तिची सावली नातवासाठी ठेवून जातो. ते झाड छाटणाऱ्या माणसालाही नातवंडे पाहायला मिळावीत, एवढी व्यवस्था आपल्या हातात आहे.